‘द होल नाइन यार्ड्स’: अमेरिकन वाक्प्रचारांच्या कोशातल्या एका नोंदीच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५

‘द होल नाइन यार्ड्स’ आज कामाला घेतला. शब्दशः अर्थ ‘अख्खे नऊ यार्ड’. आजच्या अमेरिकन बोलण्यातला अर्थ: एकूण एक, काही न वगळता, असेल नसेल ते सगळं. वाक्यात तो तीन प्रकारे येतो. यादीच्या शेवटी: लग्नात हॉल, बँड, फुलं, घोडागाडी, ‘अँड द होल नाइन यार्ड्स’. ‘गो’ या क्रियापदाबरोबर: हातचं न राखता एखादी गोष्ट करणं. आणि ‘टेल’ किंवा ‘गिव्ह’ बरोबर: घडलेलं इत्थंभूत सांगणं. हा तिसरा प्रकार आता कमी ऐकू येतो, पण जुने दाखले चाळताना तोच पुन्हापुन्हा समोर येतो. त्याच्यावर लक्ष ठेवायचं.

प्रत्येक दाखल्याच्या कार्डावर या गोष्टी हव्यात: वाक्य जसंच्या तसं, आधीच्या आणि नंतरच्या वाक्यासह, वर्तमानपत्राचं नाव, गाव आणि राज्य, तारीख, पान, स्तंभ, पानाची प्रतिमा, शब्दशः की लाक्षणिक, आकडा सहा की नऊ (‘होल सिक्स यार्ड्स’ असंही जुनं रूप सापडतं), सोबतचं क्रियापद. क्रियापदाचा रकाना यावेळी नव्यानं घातला आहे. आकड्याच्या मागे लागणारे सगळे त्याच्याकडे दुर्लक्ष करतात, आणि अर्थ कुठून निघाला हे क्रियापदच सांगतं.

६ ऑगस्ट

उगमाच्या प्रचलित कथा तपासायला घेतल्या. प्रत्येक कथेला चार प्रश्न. ती वस्तू त्या काळात होती का? तिचं माप खरंच नऊ यार्ड असे का? त्या धंद्यातली माणसं ते माप यार्डात मोजत का? त्यांच्या तोंडी हा वाक्प्रचार असल्याचा त्याच काळातला लेखी पुरावा आहे का? चारांपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं, तर कथा बाद.

सगळ्यात लाडकी कथा मशीनगनची. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या काडतुसांचा पट्टा २७ फूट, म्हणजे ९ यार्ड लांब होता आणि वैमानिकानं तो सगळा शत्रूवर रिकामा केला की ‘अख्खे नऊ यार्ड दिले’ असं म्हणत, असं ती सांगते. दुसऱ्याच प्रश्नावर ती अडखळते. पी-५१ डी मस्टँगच्या पंखांत ०.५० इंची सहा ब्राउनिंग मशीनगन असत. आतल्या दोघींना प्रत्येकी ४००, बाहेरच्या चौघींना प्रत्येकी २७०, एकूण १,८८० काडतुसं. म्हणजे एकाच पंखात दोन वेगवेगळ्या लांबीचे पट्टे. तिसऱ्या प्रश्नावर ती पूर्ण पडते, कारण दारूगोळा काडतुसांच्या संख्येत मोजला जातो. पट्ट्याला यार्डाची फूटपट्टी कोणी लावत नाही. शिवाय वाक्प्रचाराचा १९०७ चा छापील दाखला आता हाती आहे. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण डिसेंबर १९०३ मधलं. १९०७ साली मशीनगन लावलेलं विमान अस्तित्वातच नव्हतं.

अमेरिकन फुटबॉल: चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जावं लागतं. नऊ यार्ड गेलेला संघ कमी पडलेला असतो, त्यामुळे ‘सगळं’ हा अर्थ निघत नाही. ‘गो’ क्रियापदामुळे आजच्या श्रोत्याला मैदान आठवतं, पण ते नंतर चिकटलेलं आहे.

शिडाची जहाजं: तीन डोलकाठ्या, प्रत्येकीवर तीन आडव्या परबाणा, ज्यांना इंग्रजीत यार्डच म्हणतात, तीन त्रिक नऊ. पूर्ण शिडांच्या मोठ्या जहाजाच्या एकेका डोलकाठीवर चार, पाच किंवा जास्त परबाणा असत. बाद.

सूट, किल्ट: सुटाला तीन-साडेतीन यार्ड पुरतात. उंची किल्टचं ठरलेलं माप आठ यार्डांचं. बाद.

९ ऑगस्ट

काँक्रीटच्या कथेला वेगळा वेळ दिला, कारण ‘न्यू यॉर्क टाइम्स’चे भाषा-स्तंभलेखक विल्यम सफायर यांनी तिची बाजू घेतली होती. १९८२ साली त्यांनी रेडिओवरून श्रोत्यांनाच उगमाबद्दल विचारलं आणि पुढे या एका वाक्प्रचारावर अनेक स्तंभ लिहिले. कथा अशी: तयार काँक्रीट वाहणाऱ्या मिक्सर ट्रकमध्ये नऊ घनयार्ड माल मावतो, पूर्ण ट्रक ओतला की ‘अख्खे नऊ यार्ड’.

इथे तिसरा प्रश्न पार होतो. अमेरिकेत काँक्रीट घनयार्डात मोजतात आणि कामावर नुसतं ‘यार्ड’ म्हणतात. नऊ घनयार्ड म्हणजे २४३ घनफूट, आपल्याकडच्या भाषेत २.४३ ब्रास, किंवा ६.८८ घनमीटर. अडतं ते क्षमतेवर. त्या उद्योगाच्या मासिकात ऑगस्ट १९६४ मध्ये छापलेला हिशेब असा: काही वर्षांपूर्वीपर्यंत साडेचार घनयार्डांचा मिक्सर सर्रास चालत होता आणि १९६२ पर्यंत देशभरची सरासरी ६.२४ घनयार्डांवर पोचली होती. वाक्प्रचार लोकांच्या तोंडी रुळत होता तेव्हा सरासरी ट्रकमध्ये नऊ यार्ड मावतच नव्हते. ही कथा आजचा ट्रक पाहून मागे रचलेली आहे.

अशा कथांमध्ये हीच चूक फार आढळते: वस्तूचं आजचं माप जुन्या काळाला लावलं जातं. तपासताना त्या वर्षाचं धंद्याचं मासिक, किंमतपत्रक किंवा सैन्याची पुस्तिका उघडावी. वस्तूबद्दलचे आजचे लेख उपयोगाचे नाहीत.

१२ ऑगस्ट

नऊवारी. मराठी वाचकाच्या मनात हाच प्रश्न पहिला येणार, म्हणून कोशात त्याचं उत्तर हवंच.

वार म्हणजे यार्ड: ३६ इंच, ०.९१४४ मीटर. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२३ मीटर. भारतीय इंग्रजीत साडीला ‘नाइन यार्ड्स’ आणि ‘सिक्स यार्ड्स’ म्हणायची पद्धत रुळलेली आहे. वाक्प्रचाराच्या इतिहासातही नेमके हेच दोन आकडे येतात, नऊ आणि सहा. योगायोग इतका घट्ट आहे की साडीवरून हा वाक्प्रचार निघाला असं ठामपणे लिहिणारे अनेक जण भेटतात.

चार प्रश्न लावून पाहू. वस्तू होती: हो. माप नऊ: हो. मापाचं एकक वार: हो. चौथ्या प्रश्नावर मात्र मधला संपूर्ण रस्ताच नाही. भारतातून इंग्रजीत गेलेले कापडाचे शब्द आपला माग ठेवून जातात. मुंबईच्या डोंगरीवरून आलेला ‘डंगरी’ हा शब्द पाहा. जाडंभरडं सुती कापड जहाजातून गेलं, व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांत त्याचं नाव चढलं, सतराव्या शतकापासून इंग्रजीत ते लिहिलेलं सापडतं, आणि मग त्या कापडाच्या कपड्यांना ते नाव पडलं. माल, कागद, ब्रिटिश वापर, मग अमेरिकन वापर: प्रत्येक पायरी दिसते. ‘कॅलिको’ आणि ‘बंडाना’ यांचंही तसंच. ‘होल नाइन यार्ड्स’चे लाक्षणिक अर्थाचे जुने दाखले मात्र थेट इंडियाना आणि केंटकीच्या छोट्या गावांतले आहेत, आणि त्यांत ना साडी आहे, ना भारत, ना बंदर.

निर्णय: कोशात नऊवारीचा उल्लेख ‘उगम’ या मथळ्याखाली न करता वेगळ्या टिपेत करायचा. टीप नेमकी आणि आदरानं लिहायची. नऊवारीशी आपलं नातं खरं आहे. तिला या वाक्प्रचाराच्या आधाराची गरज नाही.

१६ ऑगस्ट

जुनी वर्तमानपत्रं शोधताना लागणारी पथ्यं एका जागी लिहून ठेवतो, पुढच्या नोंदींनाही लागतील.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा वर्तमानपत्रांचा संग्रह खुला आहे. त्यातला मजकूर यंत्रानं पानाच्या प्रतिमेवरून वाचलेला आहे आणि त्यात चुका भरपूर. फिकट छपाईत ‘वाय’ हे अक्षर ‘व्ही’ म्हणून वाचलं जातं, म्हणजे ‘यार्ड्स’चे ‘वार्ड्स’ होतात. ‘सिक्स’मधला ‘आय’ ‘एल’ होतो. अरुंद स्तंभात वाक्प्रचार दोन ओळींत तुटतो आणि मधे जोडरेघ येते. म्हणून अवतरणचिन्हांतला नेमका शोध एकटा पुरत नाही. ‘होल’ आणि ‘यार्ड्स’ हे शब्द एकमेकांपासून पाच शब्दांच्या आत, असा जवळिकीचा शोध घ्यावा. त्यानंतर तोच शोध ‘फुल’ आणि ‘ऑल’ घेऊन करावा. आकडा मोकळा सोडावा. ‘नाइन’ला अडकून बसल्यामुळेच ‘सिक्स’चे दाखले वर्षानुवर्षं कोणाला दिसले नाहीत.

मग गाळणी. सापडलेल्यांतले बहुतेक दाखले खऱ्या कापडाचे, गालिच्याचे नाहीतर मातीकामाचे निघतात. ‘यार्ड्स’नंतर ‘ऑफ’ आणि वस्तूचं नाव आलं की कार्ड सहसा शब्दशः रकान्यात जातं. ‘टेल’, ‘गिव्ह’, ‘प्रॉमिस’, ‘हिअर’ यांपैकी क्रियापद आलं तर थांबून पूर्ण परिच्छेद वाचावा.

गूगल बुक्सवर दोन सापळे आहेत. नियतकालिकांचे खंड पुष्कळदा पहिल्या अंकाच्या वर्षाखाली नोंदलेले असतात, त्यामुळे १९७० च्या दशकातला अंक १९३० चा वाटू शकतो. पानाचा तुकडाच दिसत असेल तर त्याच खंडात अंकाची तारीख, टपालदर, एखाद्या घटनेचं वर्ष असं काही शोधून काळ पक्का करावा. नाही जमलं तर कार्ड बाजूला ठेवावं. दुसरा सापळा शब्दवारंवारतेच्या आलेखाचा. चाळिसापेक्षा कमी पुस्तकांत आलेला शब्दसमूह त्या आलेखात येतच नाही. रेघ शून्यावर आहे म्हणून वाक्प्रचार नव्हता, असा अर्थ काढता येत नाही.

२१ ऑगस्ट

साखळी लावली. सगळ्यात जुनं कार्ड शब्दशः अर्थाचं आहे, तरीही ठेवलं. जानेवारी १८५५, न्यू अल्बनी, इंडियाना: एका न्यायाधीशाच्या भल्यामोठ्या शर्टाचा विनोदी किस्सा. तीन शर्टांपुरतं कापड आणायला सांगितलं होतं आणि बाईनं अख्खे नऊ यार्ड एकाच शर्टात घातले, अशी त्याची तक्रार. शर्टाला तीन यार्ड, तिन्हींचे मिळून नऊ. हिशेब साधा आहे. हे यार्ड कापडाचेच आहेत, पण ‘द होल नाइन यार्ड्स’ हे शब्द याच क्रमानं, ‘सगळंच्या सगळं’ या ठसक्यानं आलेले दिसतात. या किश्श्यावरून वाक्प्रचार निघाला असा दावा करणारं आमच्याकडे काही नाही, म्हणून कार्डावर ‘शब्दशः’ हाच शिक्का.

लाक्षणिक अर्थ: २ मे १९०७, ‘मिचेल कमर्शियल’, मिचेल, इंडियाना. गावातल्या बेसबॉल सामन्याची बातमी. नेहमीचा नऊ जणांचा संघ व्यापाऱ्यांच्या संघाशी त्यांना झेपतील तितके डाव खेळेल, पण ‘फुल नाइन यार्ड्स’चं वचन देता येत नाही, असं बातमीत म्हटलं आहे. खेळाडू नऊ, डाव नऊ आणि यार्डही नऊ, अशी कोटी आहे. वाचकाला वाक्प्रचार आधीच ठाऊक असेल तरच ही कोटी उतरते. म्हणजे त्या गावात तो १९०७ च्या आधीच बोलण्यात होता, असं मानायला जागा आहे.

४ जून १९०८, तेच वर्तमानपत्र. रॉस्को नावाचा कोणी मासे धरायला गेला होता आणि त्याच्याकडे सांगायला मोठी कथा आहे. ती ऐकायला आम्ही उभे राहणार नाही, पण एक दिवस तो कोणातरी बेसावध माणसाला पकडून ‘होल नाइन यार्ड्स’ ऐकवेल. आज वापरतात तोच शब्दक्रम, अर्थ मात्र ‘पूर्ण कहाणी’.

१७ मे १९१२, ‘माउंट व्हर्नन सिग्नल’, रॉककॅसल काउंटी, केंटकी. रिपब्लिकन पक्षात थिओडोर रुझवेल्ट आणि विल्यम टाफ्ट यांचं जुंपलेलं होतं. डेमोक्रॅट लेखक म्हणतो: थोडं थांबा, भांडण तापलं की दोघे ‘होल सिक्स यार्ड्स’ सांगून टाकतील. २८ जूनला त्याच वर्तमानपत्रात बातमीदार कळवतो की बाहेरगावी असल्यामुळे बातम्या जमल्या नाहीत, पुढच्या अंकात ‘होल सिक्स यार्ड्स’ देऊ.

१९२१, स्पार्टनबर्ग, साउथ कॅरोलायना: बेसबॉलच्या तपशीलवार वृत्तांतावर ‘द होल सिक्स यार्ड्स ऑफ इट’ असा मथळा.

क्रियापदाचा रकाना आता वाचावा. मासेमारीची कथा ऐकवणं, पक्षातली लफडी सांगून टाकणं, बातम्या देणं, वृत्तांत छापणं. सामन्याच्या १९०७ च्या कार्डाचा अपवाद सोडला, तर सगळीकडे यार्डांनी मोजलेली गोष्ट आहे ती बोलणं. इंग्रजीत लांबलचक बोलण्याला आणि लिहिण्याला ‘यार्डानं’ मोजायची रीत होतीच; दुकानात कापड जसं यार्डावर फाडून देत, तशी कविता नाहीतर भाषण यार्डावर मिळतं असं म्हणत. म्हणून कोशात पहिला अर्थ ‘पूर्ण कहाणी, इत्थंभूत हकिगत’ हाच द्यायचा आणि ‘सगळं काही’ हा दुसरा. बहुतेक कोश आजचा अर्थ आधी देतात आणि तिथेच थांबतात. मग वाचक नऊ यार्डांची वस्तू शोधत फिरतो.

२५ ऑगस्ट

सहा की नऊ. स्पार्टनबर्गचा १९२१ चा दाखला बॉनी टेलर-ब्लेक यांनी शोधला. त्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मेंदूविज्ञानाच्या संशोधक आहेत आणि हे काम त्यांनी आवडीनं केलेलं. माउंट व्हर्ननचे १९१२ चे दाखले उद्धरणकोशाचे संपादक फ्रेड शापिरो यांना सापडले आणि २०१२ साली त्यांनी हे सगळे दाखले लोकांसमोर आणले. त्यांचं स्पष्टीकरण असं होतं की आकडा बोलण्यात फुगत गेला: अत्यानंदात असण्यासाठी वापरतात त्या ‘क्लाउड सेव्हन’चा ‘क्लाउड नाइन’ झाला तसा सहाचा नऊ. त्यानंतर मिचेलची १९०७ आणि १९०८ ची कार्डं हाती आली आणि नऊ हा आकडा छापील पुराव्यात सहाच्या पाच वर्षं आधी गेला. त्यामुळे ‘आधी सहा, मग नऊ’ असा सरळ क्रम कोशात देता येणार नाही. दोन्ही रूपं एकाच काळात, शेजारच्या दोन राज्यांत चालू होती, इतकंच लिहायचं.

यातली महत्त्वाची गोष्ट कोशकार जेसी शिडलोअर यांनी नेमकी हेरली होती: सहाचं रूप सापडलं, म्हणजे हे यार्ड कशाचेच नाहीत. खऱ्या वस्तूचं ठरलेलं माप असतं, तर आकडा असा डळमळला नसता.

२ सप्टेंबर

१९२१ नंतर थेट १९५६. मधली कार्डं जवळजवळ नाहीत. या पोकळीचं कारण अर्धं तरी कायद्यात आहे. १९२३ पूर्वी अमेरिकेत छापलेला मजकूर दीर्घकाळ स्वामित्वहक्कातून मोकळा होता. १९२३ चा मजकूर १ जानेवारी २०१९ ला मोकळा झाला आणि तिथून दरवर्षी एक वर्ष पुढे सरकतं. त्यामुळे खुल्या संग्रहांमध्ये १९२२ पर्यंतची पानं दाट आणि पुढची विरळ. वाक्प्रचार गावठी बोलण्यातला, छापायला संपादक नाखूश. त्यात पानंही कमी. पोकळी पाहून ‘वापर बंद पडला होता’ असं लिहायचं नाही.

५ सप्टेंबर

उत्तरार्धाची कार्डं. जुलै १९५६: केंटकीच्या मासेमारी आणि शिकार विभागाच्या मासिकात गळाच्या स्पर्धेबद्दल सगळं सांगून झाल्यावर समारोप, तर हे झाले ‘होल नाइन-यार्ड्स’. मधे जोडरेघ आहे. नेमक्या शोधात हे कार्ड निसटतं. पुन्हा केंटकी, पुन्हा मासे, पुन्हा ‘एवढी सगळी माहिती’. जानेवारी १९५७ मध्ये त्याच मासिकात ‘गो द होल नाइन यार्ड्स’ येतं, म्हणजे अर्धवट काही न करणं. सांगण्यातून करण्यात शिरलेला अर्थ इथे पहिल्यांदा हाती लागतो.

१९६२ ची शरद ऋतू: मिशिगनमधल्या एका साहित्यिक नियतकालिकातली कथा. घर, मुलं, प्रतिष्ठा, प्राध्यापकी ‘अँड द होल नाइन यार्ड्स’, आणि हे शब्द दारावर येणाऱ्या ब्रश-विक्रेत्याच्या तोंडचे असल्याचं कथेतच म्हटलं आहे. यादीच्या शेवटी येणारा आजचा वापर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मोटारींच्या एका मासिकातल्या वाचकपत्रात शेवर्ले इम्पालाच्या जादा सोयींना ‘ऑल नाइन यार्ड्स’ म्हटलेलं आहे.

एप्रिल १९६४: सॅन अँटोनिओच्या वर्तमानपत्रात अवकाश कार्यक्रमातल्या बोलीची ओळख. तिथे ‘गिव्ह एम द होल नाइन यार्ड्स’चा अर्थ दिला आहे: प्रकल्पाचा बाबवार अहवाल. इतक्या उशिराही ‘सांगणं’ शाबूत आहे. त्यानंतर व्हिएतनाममधल्या अमेरिकी हवाई दलाच्या बोलण्यातून तो देशभर गेला. मशीनगनची कथा वैमानिकांना चिकटली ती बहुधा इथूनच.

९ सप्टेंबर

एक सावधगिरीची टीप. अंतराळवीर गस ग्रिसम १९२६ साली ज्या गावी जन्मले ते गाव मिचेल, इंडियाना. १९०७ चं कार्ड तिथलंच. १९६४ चं कार्ड अवकाश कार्यक्रमातलं. दोन टोकं जुळवायचा मोह प्रचंड आहे. ग्रिसम यांच्या तोंडी हा वाक्प्रचार असल्याचं एकही कार्ड नाही, म्हणून कोशात हे घालायचं नाही. नऊवारीला लावलेली कसोटी इथेही तीच.

१२ सप्टेंबर

मराठी प्रतिशब्द ठरवले, क्रियापदानुसार. सांगण्यासाठी: ‘अथपासून इतिपर्यंत सांगणं’, ‘इत्थंभूत सांगणं’, ऐकणारा कंटाळला असेल (१९०८ चं कार्ड) तर ‘चऱ्हाट लावणं’. यादीच्या शेवटी: ‘आणि असलं नसलं सगळं’. समारंभ किंवा मांडणी असेल तर ‘साग्रसंगीत’. ‘गो’ बरोबर: ‘काही हातचं न राखता’. ‘नखशिखांत’ सुचवला गेला होता, पण तो देहाशी आणि पेहरावाशी बांधलेला आहे, वगळला. आकडा ठेवून ‘नऊच्या नऊ वार’ असं भाषांतर कुठेही करायचं नाही, कारण वाचकाला लगेच साडी दिसते.

कोशातला मजकूर असा गेला: ‘अमेरिकन बोली. १. पूर्ण हकिगत (इंडियाना, १९०८, “सहा यार्ड” या रूपात केंटकी, १९१२). २. सगळं काही, पूर्णपणे (१९५० च्या दशकापासून). त्याआधी १९०७ मध्ये “पूर्ण नऊ यार्ड” असं रूप, बेसबॉलच्या संदर्भात. यार्ड कोणत्याही विशिष्ट वस्तूचे नाहीत.’ नऊवारी, मशीनगन आणि काँक्रीट यांच्या टिपा खाली, प्रत्येकी तीन ओळी. १८५५ चं कार्ड पुरवणीत.

पुढे करायचं: इंडियाना आणि केंटकीतल्या १९०७ पूर्वीच्या साप्ताहिकांमध्ये आकडा मोकळा सोडून, ‘टेल’ आणि ‘गिव्ह’ धरून जवळिकीचा शोध.